‘नियंत्रण’ हा शब्द मी जपूनच वापरला होता

महोदय,

सूत्रकृमींवरील (दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींवरील) माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘जननपेशी लघु-आरएनएवर नियंत्रण ठेवतात, असे म्हणणे म्हणजे पेशीला मन बहाल करणे होय; इंदूरला बसून वाचीव माहितीवर लिहिणाऱ्याकडून वेगळी अपेक्षा नाही.’ जननपेशी म्हणजे अंडी आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशी; लघु-आरएनए म्हणजे जनुके गप्प करू शकणारे आरएनएचे छोटे तुकडे. आपल्या इतर मुद्द्यांकडे शेवटी येतो.

एक चूक मात्र आधीच मान्य करतो. सी. एलेगन्स या सूत्रकृमीतील पिवी-आरएनएची (परकी जनुके ओळखणाऱ्या लघु-आरएनएची) लांबी मी २२ न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएची २२ ‘अक्षरे’, लिहिली. ती २१ असते आणि आरंभी ‘यू’ हे अक्षर असते. २२ लांबीचे, जी-ने सुरू होणारे, ते दुय्यम आरएनए. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण यात इंदूर कुठून आले? याच शहरात मी २९ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. रामबागेतल्या घरच्या अंगणातील ओली माती कापडात बांधून नरसाळ्यातल्या पाण्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी खालच्या नळीतून सूत्रकृमी काढून घ्यायचे, हे विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना मी स्वतः करून दाखवले आहे. त्या पारदर्शक देहातील जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलीचा चेहरा ज्याने पाहिला, त्याला ‘वाचीव’ म्हणणे मला असभ्य वाटते, आणि हे मी स्पष्टच सांगतो.

आता शब्दाविषयी. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटला मन नसते, तरी तो उष्णता नियंत्रित करतोच. जननपेशीच्या केंद्रकाला बाहेरून बिलगून पी-कणिका, म्हणजे आरएनए आणि प्रथिनांचे पुंजके, असतात; केंद्रकातून निघालेला संदेशवाहक आरएनए (जनुकाची नक्कल) त्यांतून जातो आणि पीआरजी-१ हे प्रथिन पिवी-आरएनएच्या आधारे तो पडताळते. परका वाटला, तर दुय्यम आरएनए तयार होतात, आणि ते वाहणारे एचआरडीई-१ हे प्रथिन केंद्रकात शिरून जनुक गप्प करते. २०१९मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी असे कृमी तपासले, ज्यांच्यात एमईजी-३ व एमईजी-४ ही प्रथिने नसल्यामुळे भ्रूणाच्या जननपेशींत पी-कणिका नीट जमत नाहीत. या कृमींत लघु-आरएनए नाहीसे झाले नाहीत, तर भलत्या जनुकांवर उलटले. एसआयडी-१ आणि आरडीई-११ ही जनुके गप्प झाली. म्हणजे बाहेरून दिलेल्या दुपदरी आरएनएला प्रतिसाद देण्यासाठी जी जनुके लागतात, नेमकी तीच. कणिका असताना जे आवरले जाते आणि त्या विस्कटताच मोकाट सुटते, त्याला नियंत्रण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, हे आपणच सांगावे. आपण पर्यायी शब्द सुचवलेला नाही.

‘लामार्क पुन्हा उकरून काढला’, म्हणजे आयुष्यात मिळवलेले गुण वारशाने जातात हे त्याचे जुने मत मी पुढे केले, या आपल्या आरोपाला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. जनुकांचे हे मौन पुढच्या पिढ्यांत गेले, तरी बहुधा काही पिढ्यांतच ओसरते, असे मी लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. उरलेले दोन मुद्दे भाषेच्या आवडीनिवडीचे आहेत.