‘एकटे असाल तर जोरजोरात खोका’ : एका संदेशाचा प्रतिवाद

एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला, तर शुद्ध हरपण्यापूर्वी हाताशी जेमतेम दहा सेकंद असतात; तेवढ्यात दीर्घ श्वास घेऊन दर दोन सेकंदांनी जोरात खोकत राहावे, म्हणजे फुप्फुसांना ऑक्सिजन मिळतो, हृदय दाबले जाऊन रक्त फिरते आणि ठोके पूर्ववत होतात; हा संदेश दहा जणांना पाठवा, एक तरी जीव वाचेल. अशा आशयाचा मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांवर वारंवार फिरत असतो. इंग्रजीत तो १९९९ पासून ईमेलवरून हिंडतो आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा उपाय सामान्य माणसासाठी मान्य केलेला नाही. तरीही तो टिकून आहे, कारण त्यात थोडे खरे मिसळलेले आहे. म्हणून त्यातील एकेक विधान तपासलेले बरे.

पहिले विधान दहा सेकंदांचे. येथे दोन वेगळ्या घटनांची गल्लत झाली आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते आणि स्नायूचा काही भाग उपाशी पडतो. पण हृदय धडधडत असते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीवर दडपण आल्याचे किंवा डावा हात, जबडा दुखत असल्याचे सांगू शकतो. हृदयक्रिया बंद पडणे ही निराळी गोष्ट. तीत हृदयातील विद्युत् लय बिघडून ते नुसते थरथरते किंवा थांबते, मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांत, बऱ्याचदा पूर्वसूचनेशिवाय, माणूस कोसळतो. म्हणजे दहा सेकंद लागू पडतात ते दुसऱ्या घटनेला, आणि संदेशात नाव असते ते पहिलीचे. ज्याला विचार करून खोकता येते, त्याचे हृदय चालू आहे. ज्याचे बंद पडले, तो खोकण्याच्या स्थितीत नाही. पहिल्यातून दुसरी घटना उद्भवू शकते हे खरे, आणि घाई करायची ती त्यासाठीच; पण रुग्णालय गाठण्याची, खोकण्याची नव्हे.

दुसरे विधान, खोकल्याने हृदय दाबले जाते, हे अर्धसत्य आहे आणि त्याचा उगम शोधता येतो. डॉ. मायकेल क्रायली आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये नोंदवले की अँजिओग्राफी चालू असताना हृदयाची लय बिघडलेले तीन रुग्ण दर एक ते तीन सेकंदांनी खोकत राहून २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. परिस्थिती लक्षात घ्या : रुग्ण कॅथलॅबमधील, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतील, टेबलावर आडवा, ईसीजी समोर चालू, लय बिघडताच ‘खोका’ असे सांगणारा डॉक्टर शेजारी आणि विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी. खोकल्याने मिळवून दिले ते यंत्र लावण्यापुरते अर्धे मिनिट. घरात एकट्या बसलेल्या माणसाकडे यातले काहीच नसते, आणि छातीतील कळ लय बिघडल्यामुळे आहे की नाही, हेही त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

ऑक्सिजनच्या मुद्द्यावर फार थांबायला नको. झटक्यात अडचण फुप्फुसात नसते, धमनीत असते. कितीही दीर्घ श्वास घेतले तरी गुठळी जागची हलत नाही. उलट सतत खोकणाऱ्या माणसाला फोनवर आपला पत्ता धड सांगता येत नाही, आणि त्या घडीला नेमके तेच करायचे असते. १०८ किंवा ११२ वर फोन करावा, दाराची कडी काढून ठेवावी, शेजाऱ्याला हाक मारावी आणि बसून राहावे. जिना उतरू नये, स्वतः गाडी चालवू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरील डॉक्टरांना विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खावी.

खरा आक्षेप मात्र संदेशात न लिहिलेल्या गृहीतकाला आहे : रुग्णाने स्वतःला वाचवायचे. हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवतो तो दुसराच कोणीतरी, आणि तो बहुधा घरचा, शेजारचा किंवा इमारतीचा वॉचमन असतो. छाती दाबली गेली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली, तरी आधीची मिनिटे तिच्या हातात नसतात. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला गादीवरून कडक जमिनीवर घ्यावे, कारण गादीवर आपलाच जोर गादी खाते. छातीच्या मधोमध हाडावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, खांदे बरोबर वर, अशा रीतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. अधूनमधून येणारे आचके हा श्वास नव्हे. ‘अजून श्वास चालू आहे’ म्हणून लोक येथेच थांबतात. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. प्रौढ माणूस अचानक कोसळला असेल, तर न शिकलेल्यानेही तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत न पडता नुसती छाती दाबत राहिले तरी उपयोग होतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी बेतलेली ‘कोल्स’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. दोन जण असतील तर आळीपाळीने करावे, कारण दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब उथळ होतो, हे प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर सराव केल्याशिवाय पटत नाही.

‘खोकून पाहायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही’, असे एक समर्थन हमखास ऐकू येते. नुकसान आहे, आणि ते वेळेचे आहे. पाच मिनिटे खोकून ‘आता बरे वाटते’ म्हणत सकाळपर्यंत थांबलेल्या माणसाच्या हृदयाचा स्नायू तेवढा वेळ मरत राहिलेला असतो. राहिला प्रश्न दहा जणांचा. ते दहा जण जर एकाच इमारतीत राहत असतील, तर त्यांना संदेश पाठवण्याऐवजी एका रविवारी सभागृहात पुतळा आणि प्रशिक्षक बोलवावा, आणि कोण छाती दाबेल, कोण १०८ ला फोन करेल, कोण फाटक उघडून लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरेल, हे तेथेच ठरवून टाकावे.