चोवीस गुण आणि एक डबा

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. निमित्त आहे सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधल्या निर्देशाचं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. आमच्यातला एकजण आता एका कॉलेजच्या नियामक मंडळावर आहे. त्याने लिहिलं, "आपल्या वेळी कुठे होते काउन्सेलर? मेसची पाणचट आमटी पिऊन झालोच ना इंजिनिअर? पोरं नाजूक झालीत, बाकी काही नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ट्रॅममध्ये उभ्याउभ्याच उत्तर टाइप करायला लागले आणि उतरायचा स्टॉप मागे राहिला.

मी मेलबर्नमध्ये शिकवते. ओ-वीकमध्ये, म्हणजे वर्ग सुरू होण्याआधीच्या स्वागताच्या आठवड्यात, नव्या मुलांची कार्यशाळा घेते. त्यात मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्टोफर पीटरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेली चोवीस गुणांची यादी असते: जिज्ञासा, चिकाटी, कृतज्ञता, विनोदबुद्धी, क्षमाशीलता वगैरे. मुलं प्रश्नावली भरतात आणि आपापल्या जमेच्या बाजू क्रमाने समोर येतात. मग वरच्या पाचांपैकी एक गुण आठवडाभर रोज नव्या तऱ्हेने वापरायचा, किंवा रात्री झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं. २००५ साली या दोघांनी सहकाऱ्यांसह हे उपाय तपासले, तेव्हा उदासी कमी झाल्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. आपल्याकडे वर्गात उभं करून काय येत नाही तेवढंच मोजतात. इथे अठरा वर्षांच्या पोराला कुणीतरी पहिल्यांदा सांगतं की तुझ्यात हे आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता, हेही लिहिलं. ते सगळे नाजूक होते का, असंही विचारलं. त्यावर उत्तर आलं, "तिकडे बसून बोलायला काय जातंय?"

झोंबलं, कारण काही गोष्टी मी सोयीने गाळल्या होत्या. उदाहरणार्थ, हे सगळं ऑस्ट्रेलियात गाजलं ते २००८ साली, जीलाँग ग्रामर या बड्या घरच्या मुलांच्या महागड्या शाळेत खुद्द सेलिगमन येऊन राहिले तेव्हा. आणि गेल्या फेब्रुवारीतला लातूरचा तो मुलगाही मी गाळला. त्याचा पहिला गुण निघाला चिकाटी. वर्ग संपल्यावर माझ्याशी हळूच मराठीत बोलला, "मॅडम, ती तर लोनचा हप्ता भरतानाही दिसते. स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम करता येत नाही, आणि तेवढ्यात भाडं निघत नाही. ह्यात कृतज्ञता कुठं बसवू?" मी त्याला स्पेशल कन्सिडरेशनची, म्हणजे अडचणीतल्या मुलांना परीक्षेत सवलत मागायच्या अर्जाची, लिंक पाठवली. घरी बोलवायला हवं होतं, पिठलं-भात करून घालायला हवा होता. ते सुचलं घरी पोचल्यावर, आणि नंतर राहूनच गेलं.

चिकाटी पहिली आलेल्या मुलाला आणखी चिकाटी शिकवायची नसते, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं असतं. एवढं मला कळतं. तरी दरवर्षी त्याच स्लाइड्स दाखवते.

पीटरसन आपल्या सगळ्या कामाचं सार तीनच शब्दांत सांगत, की दुसरी माणसं महत्त्वाची. गंमत म्हणजे ग्रुपवरचा तो शहाणाही नकळत तेच म्हणतोय. आमच्या हॉस्टेलवर काउन्सेलर नव्हता, पण दार उघडून आत येणारी माणसं होती. तिसऱ्या वर्षी आमची एक रूममेट मेसला यायची बंद झाली. आम्ही दोघी आळीपाळीने डबा वर न्यायचो. स्टीलचा, दोन पुडांचा, झाकण कायम अडकणारा. ती पोळी घ्यायची, भाजी तशीच ठेवायची. तिला काय होतंय हे कुणी विचारलं नाही, कारण काय विचारायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. वॉर्डनबाई म्हणाल्या, घरी पाठवा, आईच्या हातचं खाईल. दिवाळीला गेली ती परत आलीच नाही. परीक्षा होत्या, कॅम्पस इंटरव्ह्यू होते. मी एक पत्रसुद्धा टाकलं नाही.

म्हणून "आपण शिकलोच ना" वाचलं की मी भडकते. त्या "आपण"मध्ये ती नाही.

माझी स्वतःची प्रश्नावली मी दोनदा भरली. इथे आल्या आल्या पहिला गुण धाडस निघाला होता, तेव्हा फार बरं वाटलं होतं. गेल्या वर्षी कृतज्ञता पाचवी आली आणि माणसांत मिळून काम करणं तेविसावं. आता रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी मराठीत लिहिते. बहुतेक वेळा तिसरी सुचत नाही, मग ग्रुपवरचा एखादा विनोद उतरवून काढते, तोही बऱ्याचदा त्याच शहाण्याचा.

परवा ग्रुपवर कुणीतरी बॅचची पूर्ण यादी टाकली, गेट-टुगेदरसाठी. तिचं नाव यादीत आहे, पुढे नंबर नाही. कुणाकडे आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही.