व्हीटीच्या घुमटावर राणी नाही हो, मामा

रविवारी सकाळी मामांचा मेसेज आला. वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी पाटी, म्हणजे आधीच गावभर फिरून आलेला. मामांचे असे मेसेज मी वाचून सोडून देते. हळदीने काय काय बरं होतं आणि नासाला काय काय ऐकू आलं, यावर किती वाद घालणार? पण संध्याकाळी त्यांच्या नातीने, म्हणजे माझ्या भाचीने, शाळेच्या ‘आपला वारसा’ प्रकल्पाचा फोटो पाठवला. निळ्या स्केचपेनने, वळणदार अक्षरात, मामांचा मेसेज जसाच्या तसा तक्त्यावर उतरलेला. मग मात्र माझी सटकली.

मेसेज सीएसएमटीबद्दल, म्हणजे आपल्या जुन्या व्हीटीबद्दल, व्हिक्टोरिया टर्मिनसबद्दल. थोडक्यात असा: ‘मुंबईकरांनो, जागे व्हा! सीएसएमटीच्या घुमटावर आजही व्हिक्टोरिया राणी उभी आहे. स्टेशनाचं नाव बदललं, राणी तशीच. फाटकावर ब्रिटिश सिंह आपल्या वाघाला दाबून बसलाय. सगळी शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी कोरली, आख्ख्या इमारतीवर एकही भारतीय चेहरा नाही. मुळात ही इमारत आपली नव्हेच, मेलबर्नच्या स्टेशनचा नकाशा चुकून मुंबईला आला. राणीला खाली उतरवा! खरे मराठी असाल तर वीस जणांना पाठवा.’

वीस जणांना पाठवण्याआधी एकाने तरी मान वर करून बघायचं होतं.

घुमटावरच्या त्या बाईच्या उजव्या हातात उंच धरलेली पेटती मशाल आहे आणि डाव्या हातात आऱ्यांचं चाक. व्हिक्टोरिया राणीचे पुतळे देशोदेशी आहेत. डोक्यावर मुकुट, अंगावर राजवस्त्रं, हातात राजदंड. चाक घेऊन उभी असलेली राणी कुणी पाहिली असेल तर मला कळवा. ही बाई म्हणजे ‘प्रगती’. लंडनच्या थॉमस अर्पने ती घडवली. भारताने जागतिक वारसा यादीसाठी युनेस्कोकडे जे नामांकन पाठवलं, त्यात या इमारतीच्या शिल्पांचं वर्णन आहे आणि मशाल-चाकवाली ही बाई तिथे ‘प्रगती’ म्हणूनच नोंदली आहे. त्याच नामांकनाच्या जोरावर २००४ साली इमारत यादीत गेली. मामा म्हणतील, ते सरकारी कागद. मग कागद राहू द्या, दुर्बीण आणा.

एखादी कल्पना बाईच्या रूपात उभी करायची ही एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींची सवयच होती, आणि ती काही एकट्या साहेबाची सवय नव्हे. वेरूळच्या कैलासात गंगा, यमुना आणि सरस्वती बायांच्या रूपात उभ्या आहेत. त्यांना बघून ‘या बघा राष्ट्रकूटांच्या तीन राण्या’ असं कुणी म्हणत नाही. बाजूला मगर दिसली की गंगा, कासव दिसलं की यमुना, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. मूर्ती ओळखायची ती तिच्या हातातल्या वस्तूवरून आणि पायाशी असलेल्या वाहनावरून. तोच नियम इथे लावायचा की झालं. मशाल पुढची वाट दाखवते, चाक रेल्वेचं. रेल्वे कंपनीच्या मुख्य कचेरीवर आणखी काय असणार?

तरी पटत नसेल तर व्हीटीवरून फक्त रस्ता ओलांडा. समोर महापालिकेची इमारत आहे, तीही व्हीटी आखणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनेच आखलेली, १८९३ साली पूर्ण झालेली. तिच्या दर्शनी माथ्यावरच्या बाईला चक्क पंख आहेत. ती मुंबई नगरी. नंतर चर्चगेटला जा. स्टेशनसमोर पश्चिम रेल्वेची जुनी कचेरी आहे, पुन्हा स्टीव्हन्सचीच, १८९९ सालची. तिच्या माथ्यावरच्या बाईच्या हातात आगगाडीचं इंजिन आहे. इंजिन! मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून ही सुटली कशी, याचंच मला आश्चर्य वाटतं. नाहीतर ‘राणी आपलं रेल्वे इंजिन घेऊन चालली’ असाही एक मेसेज आपल्याला आला असता.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मेसेजमध्ये ‘इतकी वर्षं एकाही मराठी माणसाचं रक्त उसळलं नाही’ असंही एक वाक्य आहे. म्हणजे इतिहासाच्या नावाने ओरडायचं आणि इतिहासातलं सगळ्यांत प्रसिद्ध पानच उघडायचं नाही. १८९६ साली दामोदर चापेकरांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून चपलांची माळ घातली होती. रँडवर गोळी झाडली गेली ती त्यानंतर, पुढच्या वर्षी जूनमध्ये. ज्याला राणीची विटंबना करायचीच होती, तो तरुण व्हीटीच्या घुमटाकडे का गेला नाही? तेव्हा घुमट होता, वर ती बाई होती, मशालही होती. गेला नाही, कारण राणी कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. तो पुतळा होता एस्प्लनेडवर, तार कचेरीच्या बाजूला. पांढऱ्या संगमरवराचा, बसलेली राणी, वर नक्षीदार छत्र. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराकडून बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो करवून घेतला होता आणि १८७२ साली तो उघडण्यात आला. (हो, बडोद्याच्या गायकवाडांनी. मराठी संस्थानिकाने दिलेला राणीचा पुतळा आणि पुण्याच्या मराठी तरुणाने त्याला फासलेलं डांबर. एवढी गुंतागुंत फॉरवर्डात मावत नाही.) तो पुतळा आजही मुंबईतच आहे, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. तिला उतरवून झालंय. साठच्या दशकातच.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, कारण नाही केली तर मामा तीच धरून बसतील. व्हीटीवर राणीचा पुतळा होता. घुमटावर नव्हे, त्याच्या बराच खाली, दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखालच्या कोनाड्यात. जुन्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. स्टेशनाला नावही तिचंच होतं, तिच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ साली दिलेलं. स्वातंत्र्यानंतर तो पुतळा काढला गेला आणि कुठे गेला त्याचा आजवर पत्ता लागलेला नाही. कोनाडा तेवढा रिकामा राहिलाय. म्हणजे मेसेजमधली राणी खरी, जागा चुकीची. घड्याळाखालची राणी गेली ती गेलीच, आणि लोकांनी नजर वर नेऊन जी पहिली बाई दिसली तिला राणी करून टाकलं. हाताशी एक अर्धसत्य असलं की उरलेलं अर्धं रचायला कितीसा वेळ लागतो?

सिंह-वाघाचं तसंच. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, हे खरं आहे. साम्राज्याचा ताठा त्यात आहे, नाही कोण म्हणतंय? पण ‘दाबून बसलाय’? फाटकाला दोन वेगवेगळे खांब आहेत. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, मध्ये येण्या-जाण्याची वाट. इतक्या अंतरावरून सिंहाने वाघाला दाबायचं तर पंजा फारच लांब हवा. दोघं समोरासमोरच्या बंगल्यांतल्या शेजाऱ्यांसारखे बसलेत, आपापल्या खांबावर, एकमेकांशी न बोलता.

मेलबर्नचा किस्सा मी कॉलेजात असताना कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा ऐकला होता आणि, लाज वाटते सांगायला, चार जणांना ऐकवलाही होता. जहाजावर नकाशांची अदलाबदल झाली, गॉथिक राजवाडा मुंबईला आला आणि मुंबईसाठी काढलेलं घुमटाचं स्टेशन तिकडे गेलं. ऐकायला बहारदार आहे. पण व्हीटीचं काम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ साली संपलं. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसाठी नकाशांची स्पर्धाच मुळी १८९९ साली झाली. ती तिथल्याच रेल्वेतल्या दोन कर्मचाऱ्यांनी, फॉसेट आणि अ‍ॅशवर्थ यांनी जिंकली, आणि ती इमारत १९१० साली उभी राहिली. आपली इमारत पूर्ण होऊन अकरा वर्षं झाल्यावर जो नकाशा काढला गेला, त्याची टपालात अदलाबदल कशी होते? यापुढे या मुद्द्यावर मी एक शब्द खर्च करणार नाही.

किपलिंगचं दोन ओळींत. रुडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची, रुडयार्डचा जन्मही जेजेच्याच आवारातला. पण ते १८७५ सालीच मुंबई सोडून लाहोरला गेले. व्हीटीचं काम सुरू व्हायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती.

मग हे कोरीवकाम केलं कुणी? ‘एकही भारतीय चेहरा नाही’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं ते इथे. घुमटावरची बाई आणि फाटकावरचे प्राणी यांचे नमुने अर्पचे, हे कबूल. पण खांबांच्या माथ्यांवरची पानं-फुलं, त्यात लपलेली माकडं, कमानींवरचे मोर, घुबडं, साप, मुंगूस, पावसाचं पाणी ओकायला बाहेर तोंडं काढून बसलेले गार्गॉइल, या सजावटीच्या कामात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. ही पोरं इथलीच. युरोपातल्या गॉथिक इमारतींवर ओक आणि आयव्हीची पानं असतात. इथे आपली झाडं आणि आपले प्राणी आले ते कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेले, असं वाटतं? सजावटीसाठी दगड पोरबंदरचा. स्टीव्हन्सचे साहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. या लोकांची नावं घ्यायची सोडून ‘इथे आपलं काहीच नाही’ म्हणत छाती पिटणं म्हणजे आपल्याच माणसांना आपण दुसऱ्यांदा पुसून टाकणं झालं. पहिल्यांदा साहेबाने त्यांना कोपऱ्यात टाकलं, आता आपण फॉरवर्ड करून.

आणि चेहऱ्यांचंच म्हणाल तर भिंतीवर अर्धपुतळ्यांची रांग आहे. त्यात गव्हर्नर आहेत, साहेब आहेत, आणि त्यांच्यातच सर जमशेदजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेटही आहेत. नाना शंकरशेट! या देशात रेल्वे यावी म्हणून १८४५ सालापासून खटपट करणारे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली त्यामागे त्यांचे कष्ट होते. त्याच बोरीबंदरच्या जागी ही इमारत आहे. शिवाय वेगवेगळ्या जातीजमातींचे, आपापल्या पगड्या-पागोटी बांधलेले चेहरेही दर्शनी भागावर कोरलेले आहेत. ‘एकही नाही’ लिहिणाऱ्याने इमारत बहुतेक मोबाईलच्या पडद्यावरच पाहिली असणार.

उरली मागणी. ‘खाली उतरवा.’ काय उतरवायचं, ‘प्रगती’? की तिच्या सोबतीला इतर माथ्यांवर असलेली शेती, व्यापार, अभियांत्रिकी? १९९६ साली स्टेशनाला महाराजांचं नाव दिलं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडलं, आणि दोन्ही वेळा इमारतीच्या एका दगडालाही धक्का लागला नाही. हे आपल्याला जमलेलं आहे. उद्या या मेसेजवर विश्वास ठेवून कुणी उत्साही मुलगा छिन्नी घेऊन वर चढला तर त्याच्या हाताने फुटणार आहे ते एक चाक आणि एक मशाल. राणीला त्याचा सुगावाही लागणार नाही, ती भायखळ्याला आहे.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं, जरा आवाज चढवूनच. भाचीने तक्त्यावर ‘राणी’च्या जागी पांढरा कागद चिकटवून ‘प्रगती’ लिहिलंय आणि कोपऱ्यात चाक काढलंय, सायकलच्या चाकासारखं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अगं, एकतीस वर्षं रोज व्हीटीला उतरलो. साडेनऊचा मस्टर गाठायचा असायचा. वर बघायला कुणाला वेळ होता?’ आणि मग हळूच, ‘ते मुंगूस नेमकं कुठे आहे म्हणालीस?’