मतदारसंघाचा इतिहास चार मिनिटांत कसा उरकावा

यूट्यूबवर राजकीय विश्लेषक व्हायचंय? व्हा की. भांडवल फार लागत नाही. एक माईक, एक ड्रोन आणि आमच्या सांगोल्यासारखा एखादा मतदारसंघ. परवा असाच एक पोरगा माझ्या डाळिंबाच्या बागेत आला. पाऊण तास मला बोलतं केलं, दोनदा चहा प्याला आणि व्हिडिओत माझे सहा सेकंद ठेवले. त्यात मी कुत्र्याला हाकलतोय.

त्याच्याकडून शिकलेल्या युक्त्या तुम्हाला फुकट देतो.

सुरुवात २०२२ पासून करावी. त्याआधी सांगोला नव्हताच. शिवसेनेच्या बंडात गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ ऐकू आलं आणि तालुका जन्माला आला.

गणपतराव देशमुखांचं नाव घ्यावंच लागतं. साधे होते, एसटीनं फिरायचे, एवढं बोलून मागं बासरी सोडावी. त्यांचा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, काय ते सांगू नये, प्रेक्षक पळतात.

मग घशात आवंढा आणून म्हणावं, ‘सलग अकरा वेळा आमदार!’

अकरा वेळा खरं. सलग कुठून आणलं? १९६२ आणि १९६७ ला आले, १९७२ ला पडले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. त्यांचं निधन झालं म्हणून १९७४ ला पोटनिवडणूक लागली, तेव्हा गणपतराव परत विधानसभेत गेले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. आणि १९९५ ला पुन्हा पडले, शहाजीबापू पाटलांकडून, १९२ मतांनी. एकशे ब्याण्णव! आमच्या वाडीवरच्या बारशाला याहून जास्त पानं उठतात. १९९९ ला परत आले ते २०१४ पर्यंत दर निवडणुकीला. म्हणजे या तालुक्यानं त्यांना दोनदा घरी बसवलं आणि दोनदा परत बोलावलं. गोष्ट तीच आहे हो! तुम्ही ‘सलग’ म्हणून टाकलंत की घराघरातली भांडणं, भावकीतली फाटाफूट, रात्रभर चाललेली मोजणी, सगळं पुसलं जातं आणि उरतो एक देवमाणूस, हार घालायला. अहो, देव पडत नाहीत. हा माणूस पडायचा, म्हणून तर पुन्हा दारात यायचा.

२०१९ ला वयामुळे ते थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. १९२ ची बरोब्बर चौपट, बघा करून. हे मी त्या पोराला सांगत होतो तेव्हा तो ड्रोनची बॅटरी तपासत होता.

जातीचं गणित मांडावं. आकडे कुठून आणले, कुणी विचारत नाही.

२०२४ ला ‘नातवानं बदला घेतला’ एवढं बास. दुसरे नातू बाबासाहेब देशमुख २५ हजारांवर मतांनी आले, तेव्हा समोर एक नाही, दोन शिवसेना उभ्या होत्या. त्या खोलात जाऊ नये.

पाण्यावर बोलू नये.

का रे बाबा? का नाही बोलायचं? इथली प्रत्येक निवडणूक पाण्यावर झाली. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतरावांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली, आटपाडीला. टेंभू, म्हैसाळ या पाणी योजनांची नावं आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी यायची. टँकरमागं घागरी घेऊन पळालेल्या बायांनी मतं दिलीत इथं. आणि तू त्यांच्या तोंडापुढं माईक धरून विचारतोस, ‘मावशी, झाडी कशी हाय?’ बाभळी हायत! माणदेशातल्या माणसाला हिरवं बघून भरून आलं, ते दोन दिवस हसलास तर हसलास, मीही हसलो. पण इतकी वर्षं झाली तरी तेच? माझी लेक पुण्यात सांगोल्याची आहे म्हणून सांगायला लाजते. ऑफिसात लगेच कोणीतरी बापूंचं ‘ओक्के’ म्हणतं.

एक जुना निकाल उघडून बघायचा नव्हता, एका म्हाताऱ्याशी धड बोलायचं नव्हतं, तर पेट्रोल जाळून आलास कशाला? पाऊण तास मी हेच सांगत होतो. कुत्रं मधे आलं नसतं तर ते सहा सेकंदही मिळाले नसते.