दानशूर विंच

चारही चाकं चिखलात रुतलेली, हूक समोरच्या झाडाला बांधलेल्या पट्ट्यात अडकवलेला आणि मी एटीव्हीवर, म्हणजे चिखलादगडांतून जाणाऱ्या चारचाकी दुचाकीसारख्या गाडीवर, बसून विंचच्या बटणावर अंगठा दाबतोय. विंच म्हणजे दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं विजेचं यंत्र. 'आउट' दाबलं की दोर सुटतो. 'इन' दाबलं की काहीच नाही, साधं 'टक्'सुद्धा नाही. माझ्या विंचचा अचानक दानशूर कर्ण झाला होता. द्यायला सदैव तयार, घ्यायचं नाव नाही.

"दाजी, जरा जोरात दाबा ना," मेहुणा म्हणाला. जोरात दाबल्याने विजेच्या वस्तू सुधारतात, असं मानणाऱ्या पंथाचा तो. मीही त्याच पंथाचा, म्हणून दाबलं. बटण आत गेलं ते आतच राहिलं.

शेवटी वायरीचा तुकडा घेऊन बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून कॉन्टॅक्टरच्या (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज सोडणारा दणकट स्विच) 'इन'च्या बारक्या टर्मिनलला टेकवला. टक्! दोर ताणला, गाडी निघाली. म्हणजे मोटर, कॉन्टॅक्टर निर्दोष. गुन्हेगार अंगठ्याएवढा.

घरी बटण उघडलं तर आत हिरवं साम्राज्य. तांब्याच्या पट्टीवर कळकट थर, गंजकी स्प्रिंग आणि बहुधा मागच्या पावसाळ्यातला चिखल.

आता नवं घ्यायचं. मी आधी अँपिअरच्या मागे लागलो. जास्त अँपिअर म्हणजे जास्त टिकाऊ, हा माझा बाळबोध हिशोब. पण पूर्ण भाराखाली मोटर 100 अँपिअरच्या वर ओढते, आणि तो लोंढा कॉन्टॅक्टरमधून जातो. बटणाला फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल जागी करायची असते. त्याला मारतं ते पाणी.

म्हणून आयपी 67 शोधलं. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. 6 म्हणजे धूळबंद, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. वा! मग कळलं, प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते, तिचा आकडा 69. आणि दर रविवारी मी तोच फवारा प्रेमाने हँडलवर धरतो. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे.

निळा दिवा असलेलं एक बटण मला फार आवडलं होतं. पण ते दाबलं की दाबलेलंच राहणारं. हूक विंचच्या तोंडाशी येऊन आदळला तरी विंच ओढतच राहणार, मग दोर तरी जाणार नाहीतर हूक तरी. अंगठा उचलताच मधे परत येणारंच हवं. दुसरं एक छान होतं, पण डॅशबोर्डला भोक पाडून बसवायचं. माझ्याकडे 22 मिलिमीटरचा हँडल. शेवटी रुंद पट्टीचं, हातमोज्यातूनही सापडणारं, सीलबंद, जाड केबलचं घेतलं. हँडल वळताना केबल मुळाशी ताणून तुटू नये म्हणून थोडी सैल सोडली, कनेक्टरमध्ये पाणी आत शिरू न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं.

तीन वायरी जोडल्या. ऐटीत 'इन' दाबलं.

दोर सुटू लागला.

मेहुण्याने तोंड उघडलं. "माहितीये," मी म्हणालो, "जोरात दाबतो." आणि तो दुसरीकडे बघतोय असं पाहून गुपचूप दोन वायरींची अदलाबदल केली.