बसतं हो, पण चालत नाही

आमच्या कोकणातल्या घरी फायबर येणार म्हणून खांब उभे राहिले, खांबांवर वेली चढल्या, फायबर काही चढली नाही. त्यामुळे इंटरनेट म्हणजे सड्यापलीकडचा एक टॉवर, आणि त्याची रेंज पडवीच्या एकाच टोकाला, तिथे आईने खुर्ची कायमची मांडून ठेवलीय, व्हिडिओ कॉलची खुर्ची. तर मी म्हटलं माझ्याकडे जुना थिन क्लायंट, म्हणजे ऑफिसातला छोटा डबा-कॉम्प्युटर, पडलाय, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं सॉफ्टवेअर टाकतो, 4जी मोडेम बसवतो, अँटेना माळ्यावरून बाहेर काढतो, झाला राऊटर. बाबा म्हणाले, "अरे मग तो दुकानात सिमवाला डबा मिळतो तो घे की." या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, म्हणून पुढे जाऊ.

सॉफ्टवेअर चहा गार व्हायच्या आत पडलं. अडलं ते मोडेमपाशी. ज्याला विचारावं तो म्हणतो "कुठलाही घे रे, सगळे चालतात", आणि मग एक "फक्त" जोडतो, आणि त्या "फक्त"मध्ये आपला अख्खा महिना जातो.

पहिला "फक्त" स्लॉटचा. माझ्या डब्यात वायफाय कार्डासाठी मिनी पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट आहे. 4जीचं कार्डही त्याच मापाचं, तस्सं आत जातं, स्क्रूसुद्धा बरोब्बर लागतो, बघूनच समाधान वाटावं. पण ते कार्ड बोलतं त्या स्लॉटमधल्या यूएसबीच्या तारांवरून, त्या तारा बोर्डवाल्याने तिथवर आणल्यात की नाही हे तोच जाणे, आणि आणल्या असल्या तरी सिम खोचायला जागा कुठाय? वायफायला सिम लागत नाही, म्हणून ती दिलेलीच नाही. म्हणजे पाहुणा पंगतीत बसलाय पण पुढ्यात पान मांडलेलंच नाही. एम.2 हा डब्यातला दुसरा स्लॉट बघितला तर तिथे खाचांचा घोळ, मोडेमला लागते बी की नावाची खाच आणि डब्यातला स्लॉट एसएसडीचा, त्याला एम की. हे निदान शिरतच नाही, तेवढं प्रामाणिक आहे बिचारं.

ड्रॉवरमध्ये एक जुना डोंगल सापडला. तो लावला की कॉम्प्युटरला सांगतो, मी सीडी ड्राइव्ह आहे. खरंच. एकेकाळी विंडोजचे ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवून द्यायचे, ते आधी इन्स्टॉल व्हावेत म्हणून हे सोंग. मग यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम त्याला समजावतो की बाबा रे सीडीचा जमाना गेला, आता मोडेम हो. तो ऐकतो, पण मोडेम न होता डायरेक्ट राऊटर होतो, 192.168.8.1 हा स्वतःचा नेटवर्कचा पत्ता घेऊन. म्हणजे माझ्या राऊटरच्या पुढे त्याचा राऊटर. एका घरात दोन कर्ते आम्हाला परवडत नाहीत, एक आहेत तेच पुष्कळ.

शेवटी ठरलं, क्वेक्टेल कंपनीचं ईसी25 हे 4जी कार्ड घ्यायचं. एवढ्यात न्यू जर्सीच्या आतेभावाचा फोन.

"अरे सेम मॉडेल इथे स्वस्तात मिळतंय, डिसेंबरात येताना आणतो."

"शेवटचं अक्षर काय आहे बघ ना."

"ए आहे. अक्षराने काय होतंय?"

अक्षरानेच तर सगळं होतंय! ए म्हणजे अमेरिकेचं, त्यात 4जीचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, 2, 4 आणि 12. आमच्या टॉवरवर बँड 3, 5 आणि 40. एकही जुळत नाही. ई वालं युरोपसाठी म्हणून विकतात पण त्यात 3, 5, 40 तिन्ही आहेत, आणि मला तर 5 हवाच, कारण तो 850 मेगाहर्ट्झचा, लांब जातो, डोंगराआडही थोडाफार पोचतो, 2300 वाला बँड 40 सड्यावरच दम तोडतो. हे सगळं मी भावाला समजावलं. तो म्हणाला, "बरं मग चॉकलेटं आणतो."

अँटेनेसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्या हातातल्या केबलला अँटेना गर्रकन फिरवून बसवला आणि म्हणाला, "बघा साहेब, फिट." फिट होताच, थेट शेवटच्या आट्यापर्यंत. पण तो अँटेना वायफायचा, आरपी-एसएमए जातीच्या कनेक्टरचा, आणि माझी केबल साध्या एसएमएची. आटे दोघांचे सारखे, मधली पिन मात्र उलटसुलट. इथे तर दोन्हीकडे नुसतं भोक होतं, भोकाला भोक लावून सिग्नल कुठून येणार? मी म्हटलं काका, आत पिन नाहीये. त्यांनी काढून डोळ्याजवळ धरून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "पण बसतंय ना घट्ट?"

पुढचं पटकन सांगतो. सिमची जागा असलेला यूएसबी अडॅप्टर घेतला, कार्ड त्यात. यूएसबी 2 चा पोर्ट देणार 500 मिलिअँपिअर आणि हे कार्ड एखाद्या क्षणी 2 अँपिअरपर्यंत मागू शकतं, म्हणून बाहेरून पॉवर देता येईल असाच अडॅप्टर. मग कार्डाने राऊटरशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, क्यूएमआय की एमबीआयएम की ईसीएम, हा वाद, ती पद्धत बदलायची एटी कमांडने, म्हणजे 1981 च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या भाषेत. 4जीच्या चिपशी पणजोबांच्या बोलीत बोलावं लागतं आणि गंमत म्हणजे ती ऐकते.

तर आता चालतंय. आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली, नातीला आमटीची फोडणी लाईव्ह दिसते. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की मुलाने डबा आणलाय, दुकानात मिळतो तसलाच.

फक्त गेल्या पावसात लक्षात आलं की लाईट गेली तरी टॉवर बॅटरीवर बराच वेळ चालू राहतो, आमचा राऊटर मात्र जागच्या जागी गप्प. म्हणून आता छोटा यूपीएस शोधतोय. थिन क्लायंटला लागतात 19 व्होल्ट. दुकानदाराने दाखवला तो 12 चा.

पिन बसते म्हणाला.