राखणदार बदलण्याचे प्रकरण

गेल्या मंगळवारी माझ्या खात्यातून 2,899 रुपये गेले आणि संगणकाच्या संरक्षणाचे व साफसफाईचे जे पॅकेज मी तीन वर्षांपूर्वी 999 रुपयांत घेतले होते, ते आणखी एका वर्षासाठी न विचारता माझ्या गळ्यात पडले. न विचारता म्हणणे अगदीच खरे नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप होणारी वजावट करण्याच्या किमान 24 तास आधी कळवावे लागते, आणि तसा मेसेज आलाही होता. परंतु देवगडात एप्रिल महिन्यात माणूस आंब्याच्या पेट्यांचे मेसेज वाचतो, बँकेचे नव्हे.

त्याच दुपारी मी ते पॅकेज काढायला बसलो असताना शेजारचे आबा कोयती मागायला आले.

"काय करतंस?"

"राखणदार बदलतंय," मी सहज बोलून गेलो आणि तिथेच फसलो, कारण आमच्याकडे हा शब्द सहज वापरायचा नसतो. गावाची आणि बागेची वेस सांभाळणाऱ्या त्या देवाचा वर्षाचा नारळ, कोणाकडे कोंबडा, चुकवून चालत नाही. आबांनी कोयती बाजूला ठेवली आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसले.

"नव्याक काय देवचा लागता?"

"काय नाय, आबानू. तो विन्डोजवांगडाच ईलो."

"फुकट राखता तो राखणदार कसलो? आणि जुनो गप रवात?"

नेमक्या त्याच क्षणी पडदा लालभडक झाला. आपला संगणक धोक्यात येईल, खरोखरच काढायचे आहे का, असे ते पॅकेज तिसऱ्यांदा विचारत होते, आणि 'होय'चे बटण पुसट करड्या रंगात एका कोपऱ्यात लपवलेले होते. आबांना इंग्रजी येत नाही, पण रंग कळतो.

"बघ. कोपलो."

मी त्यांना समजावू लागलो की विन्डोजचा स्वतःचा डिफेंडर हा 2012 च्या विन्डोज 8 पासून पुरता अँटिव्हायरस म्हणून घरातच आहे, आणि बाहेरचा पगारी राखणदार आणला की तो आपण होऊन बाजूला बसतो. म्हणजे घरच्याला झोपवून ठेवण्याचेच पैसे मी तीन वर्षे मोजत होतो. ते पॅकेज दर आठवड्याला 1,346 'समस्या' सापडल्याचे सांगून मला घाबरवत असे. एकदा यादी उघडून पाहिली, तर त्या बहुतेक कुकीज आणि तात्पुरत्या फायली होत्या. कुकीज ब्राउझरमधूनच पुसता येतात, आणि तात्पुरत्या फायली विन्डोजमधलीच स्टोरेज सेन्स ही सोय बिनबोभाट काढते. संगणक सुरू होताना लागणारा वेळ टास्क मॅनेजरमधून चार प्रोग्राम बंद करताच निम्म्यावर आला. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन हे ॲप फुकट मिळाले. खर्च झाला तो बॅकअपच्या हार्ड डिस्कचा, आणि तो पूर्वीच करायला हवा होता.

"किती वरसां देतंस तेका?" आबांनी मध्येच विचारले.

"तीन."

"चोर ईलो?"

"नाय."

"मगे? राखल्यान ना!"

यावर मला उत्तर सुचले नाही. हाच युक्तिवाद इंग्रजीत करून त्या कंपनीने माझ्याकडून तीनदा पैसे घेतले होते. आबांनी निदान पैसे मागितले नव्हते.

पैसे परत मागणाऱ्या माझ्या दोन ईमेलांना अजून उत्तर नाही. काल मात्र एक आली: आम्हांला तुमची आठवण येते, परत या, वर्षाला फक्त 799 रुपये. कोयती परत करायला आलेल्या आबांना मी ती वाचून दाखवली.

"बघ," ते म्हणाले, "प्रसन्न झालो."